पुलाचा सांधा कोण तपासतो?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दर पावसाळ्यात वैनगंगा, कन्हान आणि वर्धा या नद्यांवरील पुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. पाणी पुलाला टेकले, वाहतूक वळवली, कठडे वाहून गेले, असा त्यांचा आशय असतो आणि त्या आवश्यकही असतात. परंतु पूर डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची बातमी होते. पुलाच्या पोटात वर्षानुवर्षे जे चाललेले असते ते दिसत नाही, म्हणून पूल पडेपर्यंत त्याविषयी कोणी काही लिहीत नाही. मी स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. कँटिलिव्हर पद्धतीच्या, म्हणजे आधारापासून पुढे अधांतरी काढलेल्या भुजांच्या, रस्तापुलांविषयी आणि विशेषतः त्यांच्या सांध्याविषयी, या एका दुर्लक्षित भागाविषयी, वाचकांपुढे काही मांडावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. विषय थोडा तांत्रिक असल्याने पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

कँटिलिव्हर पुलाचे सर्वात प्रसिद्ध भारतीय उदाहरण नागपूरकरांना परके नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग आपल्या स्टेशनातूनच जातो, बंगाल-नागपूर रेल्वेने या शहराचे नाव थेट कोलकात्याशी जोडले होते, आणि आजही मेलने किंवा गीतांजलीने गेलेला प्रवासी हावडा स्टेशनाबाहेर पडला की तो प्रचंड पोलादी सांगाडा समोर उभा असतो. हुगळीच्या एका काठावर हावडा आणि दुसऱ्या काठावर कोलकाता, मध्ये ४५७ मीटरचा गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग) आणि पात्रात एकही खांब नाही. या ठिकाणी १८७४ पासून तरंगता पूल होता. जहाजांना वाट देण्यासाठी तो उघडावा लागे आणि तोवर दोन्ही काठांवरची वाहतूक ताटकळत राही. नव्या पुलासाठी नदीत खांब उभारले तर प्रवाह बदलून गाळ साचेल आणि बंदराचा मार्ग बिघडेल, अशी चिंता होती. त्यामुळे काठांवर दोन मनोरे उभारून तेथून नदीवर भुजा काढण्याची रचना स्वीकारली गेली. दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडहून यायचे पोलाद अडकले आणि लागलेल्या सुमारे २६,५०० टनांपैकी २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरवले. फेब्रुवारी १९४३ मध्ये, जपानी विमानांच्या भीतीने कोणताही समारंभ न करता, हा पूल रहदारीस खुला झाला. १९६५ मध्ये त्याला रवींद्रनाथांचे नाव देण्यात आले. फीत न कापता सुरू झालेला आणि तरीही आठ दशके अखंड राबणारा हा पूल उद्घाटनांची हौस असलेल्यांनी एकदा तरी पाहून यावा.

या पुलाची घडण समजून घेतली तर पुढचा मुद्दा सोपा होतो. घराच्या भिंतीतून पुढे काढलेली, खालून आधार नसलेली गॅलरी हे कँटिलिव्हरचे सर्वांच्या ओळखीचे रूप आहे. एका टोकाला पक्की धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली तुळई भार पेलते, ती मागच्या बाजूने तिला कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यामुळे. हावड्याला प्रत्येक मनोऱ्यापासून नदीच्या दिशेने सुमारे १४३ मीटर लांबीची भुजा निघते आणि तिचा तोल सांभाळणारी दुसरी भुजा मागे काठाकडे जाऊन जमिनीत नांगरलेली असते. दोन्ही भुजांच्या टोकांमध्ये उरलेले सुमारे १७२ मीटरचे अंतर एक स्वतंत्र गाळा भरून काढतो. हा मधला गाळा कोणत्याही खांबावर टेकलेला नसून भुजांच्या टोकांवरच विसावलेला असतो.

स्कॉटलंडमधील १८९०चा फोर्थ रेल्वे पूल बांधणारे बेंजामिन बेकर यांनी हेच तत्त्व लोकांना समजावे म्हणून माणसांचाच एक देखावा उभा केला होता. दोन माणसे खुर्च्यांवर हात पसरून बसलेली, त्यांच्या बाहेरच्या हातांना विटांचे वजन बांधलेले आणि आतल्या हातांच्या आधाराने मध्ये काइची वातानाबे हा जपानी अभियंता अधांतरी बसलेला, असे त्याचे छायाचित्र आजही स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना दाखवले जाते. वातानाबे यांचे वजन ज्या दोन जागी त्या हातांवर येत होते, त्या जागांविषयीच मला सांगायचे आहे.

आपल्या शहरातही ही पद्धत आली आहे. आनंद टॉकीजजवळ रेल्वे रुळांवरून गेलेला मेट्रोचा पूल संतुलित कँटिलिव्हर पद्धतीचा असून त्याचा मधला गाळा सुमारे १०० मीटरचा आहे. खालून गाड्यांची ये-जा चालू असताना रुळांमध्ये टेकू लावणे शक्य नसल्याने खांबाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचा एकेक तुकडा ओतत, तोल राखत तो बांधला गेला. रुंद नदी असो की गजबजलेले रेल्वे यार्ड, खाली आधार देता येत नसेल तेथे ही पद्धत उपयोगी पडते, आणि म्हणूनच देशभरच्या मोठ्या नद्यांवर ती वापरली गेली. आसामात सिलचर येथे बराक नदीवर १९६१ मध्ये झालेला १२२ मीटर गाळ्याचा पूल हा आपल्याकडील काँक्रीटच्या अशा बांधणीचा आरंभ मानला जातो.

भुजा आणि मधला गाळा अखंड न ठेवता त्यांच्यामध्ये सांधा का ठेवला जात असे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की या सांध्यांचे फायदे खरे होते. जर्मनीत हाइनरिश गेर्बर यांनी १८६७ मध्ये माइन नदीवर अशा सांध्यांचा पूल बांधून दाखवला. एखादा पाया थोडा खचला तरी सांधा असल्यामुळे तुळईत जादा ताण निर्माण होत नाही, उन्हाने पूल लांबला तरी त्याला जागा मिळते, आणि संगणक नसलेल्या काळात असा पूल कागद-पेन्सिलीने हिशेब करून बांधता येत असे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडच्या अनेक नद्यांवर झालेले पूल याच घडणीचे आहेत. त्यांचे आयुष्य आता पन्नाशीच्या आसपास पोचले आहे आणि ज्या सांध्याने बांधकाम सोपे केले, तोच आता त्यांचा सर्वात नाजूक अवयव ठरला आहे.

हा सांधा कसा असतो ते पाहावे. भुजेच्या टोकाला तुळईची वरची अर्धी उंची कापून खालचा ओठ पुढे काढलेला असतो. मधल्या गाळ्याच्या टोकाला उलट खालची अर्धी उंची कापून वरचा ओठ काढलेला असतो आणि तो खालच्या ओठावर बेअरिंग, म्हणजे ओझे पेलून थोडी हालचाल करू देणारी बैठक, ठेवून टेकवलेला असतो. म्हणजे ज्या ठिकाणी गाळ्याचे संपूर्ण ओझे एका भागातून दुसऱ्या भागात जाते, नेमक्या त्याच ठिकाणी तुळईची जाडी निम्म्यावर आलेली असते. वरून पाहिले तर तेथे एक्स्पान्शन जॉइंटची, म्हणजे पुलाला लांब-आखूड होऊ देणाऱ्या जोडाची, पट्टी दिसते, जिच्यावरून चाक गेले की खडखडाट होतो. खालून पाहिले तर दोन ओठांमधली अगदी अरुंद फट दिसते. पट्टीचे रबर फाटले की पावसाचे पाणी, माती आणि डिझेलचा चिकटा नेमका त्या फटीत उतरतो, बेअरिंगभोवती साचतो आणि आतली सळई गंजू लागते. गंज चढलेल्या सळईचे आकारमान वाढते व ती भोवतालचे काँक्रीट फोडते. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीही कळत नाही आणि पात्रात उभे राहून दुर्बिणीने पाहणाऱ्यालाही फारसे कळत नाही.

कॅनडातील लाव्हाल शहरात डे ला काँकॉर्ड नावाचा उड्डाणपूल अशाच सांध्यांचा होता. ३० सप्टेंबर २००६ रोजी दुपारी तो कोसळला आणि पाच जण मरण पावले. त्याच्या सुमारे तासभर आधी काँक्रीटचे तुकडे खालच्या रस्त्यावर पडत असल्याची खबर एका वाहनचालकाने दिली होती. रस्त्याच्या देखरेखीवरचा कर्मचारी तेथे आला, त्याने तुकडे उचलून आपल्या गाडीत टाकले, पुलाला हात लावून पाहिला, पुढील तपासणीसाठी नोंद केली आणि तो निघून गेला. त्याने कामचुकारपणा केला, असे मला वाटत नाही. सांध्यातून पडलेल्या तुकड्याचा अर्थ काय होतो आणि तशा वेळी तत्काळ रस्ता बंद करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसावे.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मायानस नदीवरील महामार्गाच्या पुलाचे दुखणे थोडे निराळे, पण जागा तीच होती. तेथे पोलादी गाळा भुजांच्या टोकांना खिळी आणि पट्ट्यांनी टांगलेला होता. २८ जून १९८३ च्या मध्यरात्रीनंतर त्याचा सुमारे ३० मीटर लांबीचा तुकडा नदीत पडला आणि तीन जणांचा बळी गेला. चौकशीत असे आढळले की सुमारे दहा वर्षांपूर्वी रस्त्याची दुरुस्ती करताना पाणी वाहून जाण्याची तोंडेच बुजवली गेली होती, त्यामुळे पाणी सांध्यांतून उतरू लागले आणि गंजाने पट्टी हळूहळू खिळीवरून सरकवली. त्या राज्यात तेव्हा ३,४२५ पुलांसाठी अवघे १२ तपासनीस होते आणि तेही जोडीने काम करत. आपल्याकडे हे प्रमाण किती आहे, हे संबंधित खात्याने जाहीर केले तर उपकार होतील.

परदेशातल्या गोष्टी दूरच्या वाटतील, म्हणून शेजारच्या गुजरातचे उदाहरण देतो. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी मही नदीवरील गंभीरा पूल कोसळला. वडोदरा आणि आणंद या दोन जिल्ह्यांना जोडणारा हा पूल १९८५ मध्ये, म्हणजे अवघ्या चाळीस वर्षांपूर्वी बांधलेला होता. तुटलेल्या कडेवर अडकून राहिलेल्या टँकरचे छायाचित्र आपल्याही दैनिकात अनेकांनी पाहिले असेल. वीस किंवा त्याहून अधिक माणसे त्या दुर्घटनेत दगावली. प्राथमिक पाहणीनंतर तेथील मंत्र्यांनी कारण सांगितले ते पेडेस्टल (बेअरिंगखालचा चौथरा) आणि आर्टिक्युलेशन चिरडले गेल्याचे. आर्टिक्युलेशन म्हणजे मी वर वर्णन केलेला सांधाच होय. पूल हलतो, धोकादायक झाला आहे, अशा तक्रारी स्थानिक लोक बऱ्याच आधीपासून करत होते, हे त्यानंतरच्या बातम्यांत छापून आले. ते आधी छापून आले असते आणि त्यासोबत पुलाचा तपासणी अहवालही लोकांसमोर असता, तर कदाचित तो टँकर दुसऱ्या रस्त्याने गेला असता.

पुलावरच्या ओझ्याचा एक मुद्दा आपल्याकडे जवळजवळ कोणीच बोलत नाही. कॅनडातील क्वेबेकचा पूल हा ५४९ मीटरच्या गाळ्यासह आजही जगातला सर्वात लांब कँटिलिव्हर गाळा आहे, पण तो मिळवण्यापूर्वी तेथे दोनदा अनर्थ झाला. आराखड्यात गाळ्याची लांबी १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेली गेली आणि पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब मात्र वेळेवर नव्याने केला गेला नाही. बांधकाम चालू असतानाच खालच्या पोलादी पट्ट्या वाकल्याचे जागेवरच्या माणसांनी पाहिले होते, मोजलेही होते. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहत असत. पुलावर आणखी भार टाकू नका, अशी तार त्यांनी पोलाद कंपनीकडे पाठवली, पण ती सूचना कामाच्या जागी वेळेत पोचली नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळून ७५ कामगार ठार झाले. १९१६ मध्ये मधला गाळा वर उचलताना पुन्हा अपघात होऊन आणखी १३ जण गेले.

आपल्याकडे पुलाचे स्वतःचे वजन आराखड्यात नव्हे, तर दुरुस्तीच्या नावाखाली वाढते. पुलावरचा रस्ता उखडला की जुना थर न खरवडता त्यावर नवा डांबराचा थर चढवला जातो. हिशेब सोपा आहे. ५० मिलिमीटरचा एक थर धरला, तर ७.५ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब गाळ्यावर त्याचे वजन सुमारे २६ टन होते. म्हणजे एका थराने एक भरलेला ट्रक त्या गाळ्यावर कायमचा उभा केला जातो, आणि असे दोन-तीन थर चढलेले पूल मी स्वतः पाहिले आहेत. कठड्याच्या पायथ्याची कडपट्टी रस्त्याच्या पातळीत बुडालेली दिसली की हे ओळखता येते. त्याच थरांखाली पाणी जाण्याचे पाइपही बुजतात. उरलीसुरली तोंडे गिट्टी, माती आणि गुटख्याच्या पुड्यांनी भरलेली असतात, आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी कठड्याच्या कडेने पाण्याचे डबके तसेच राहते. ते पाणी शेवटी उताराने सांध्याकडेच जाते. मायानस नदीवर जे झाले ते यापेक्षा वेगळे नव्हते.

नागपूरच्या हवेने यात भर पडते. येथे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात तो ४५ अंशांच्या वर जातो. ३५ अंशांचा फरक धरला तरी १०० मीटर लांबीचा पूल सुमारे ४२ मिलिमीटर लांब-आखूड होतो. त्यासाठी ठेवलेली फट गिट्टीने ठासून भरली, की लांबणाऱ्या तुळईला जायला जागा उरत नाही आणि ती बेअरिंगला व सांध्याच्या ओठाला रेटू लागते. फट साफ करायला एक माणूस, एक लोखंडी सळई आणि एक झाडू लागतो. निविदा, सल्लागार आणि भूमिपूजन यांतले काहीही लागत नसल्यामुळेच बहुधा ते काम होत नसावे.

देखभाल मनावर घेतली तर काय होऊ शकते, याचेही उदाहरण हावड्यालाच आहे. तेथे रस्ता ज्या पोलादी दांड्यांनी वरच्या सांगाड्याला टांगलेला आहे, त्यांच्या पायथ्याशी पादचारी पान-गुटखा खाऊन थुंकत असत. बंदर प्रशासनाने मोजणी केली तेव्हा पायथ्याच्या संरक्षक पोलादी आवरणाची जाडी चार वर्षांत ६ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरच्या आत आल्याचे २०११ च्या सुमारास उघड झाले. पुढे त्या पायथ्यांवर फायबरग्लासची कवचे बसवण्यात आली. या प्रसंगाची थट्टा बरीच झाली, पण मला त्यातली मोजणी महत्त्वाची वाटते. कोणीतरी ठरावीक काळाने मापयंत्र घेऊन त्या दांड्यांपर्यंत गेले, आकडा लिहिला, मागच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि तो जाहीरही केला. थुंकणारे आपल्याकडे कमी नाहीत, मोजणारे कमी आहेत.

तपासणीचे नियम आपल्या देशात नाहीत असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची पुलांच्या तपासणी व देखभालीची मार्गदर्शक तत्त्वे कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये पुलांची राष्ट्रीय नोंद ठेवण्याची व्यवस्था सुरू केली आणि तिच्यात दीड लाखांहून अधिक पूल व मोऱ्यांची नोंद झाली. नियम असूनही त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने पात्रात गडप झाली. त्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे सरकारकडून तेव्हा सांगण्यात आले. ती तपासणी कोणी, कुठून आणि कशी केली, सांध्यापर्यंत किंवा पायापर्यंत माणूस पोचला होता का, हे प्रवाशांना आधी कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. कामठीहून कन्हानला जाताना ब्रिटिश काळातल्या दगडी पुलाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्या वेळी काय आले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

रेल्वेकडे पाहा. तिच्या प्रत्येक पुलाला क्रमांक असतो आणि तो जागेवर रंगवलेला असतो. नदीवरील पुलांच्या खांबांवर धोक्याची पातळी आखलेली असते, दरवर्षी पावसाळ्यानंतर ठरलेल्या अधिकाऱ्याने पूल तपासून नोंदवहीत त्याची स्थिती लिहायची असते, आणि शंका असेल तर गाडीचा वेग कमी करण्याचा हुकूम निघतो. अमेरिकेत १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे गेल्यानंतर पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय निकष ठरले. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी पूल तपासला जातो आणि त्याला मिळालेला दर्जा कोणत्याही नागरिकाला पाहता येतो. आपल्या रस्तापुलांचे अहवाल मात्र फायलीत राहतात. पूल पडल्यावर ते बाहेर येतात आणि मग त्यांवर निलंबनाच्या कारवाया होतात.

अहवाल जाहीर केले तर लोकांत घबराट पसरेल, असा आक्षेप यावर घेतला जातो. भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेची धोक्याची पातळी ठरलेली आहे आणि पाणी तिच्या किती वर किंवा खाली आहे, हे पावसाळ्यात जाहीर होत असते. भंडारेकर तो आकडा वाचून घाबरत नाहीत, ते धान्याची पोती वर उचलून ठेवतात. पाण्याच्या पातळीचा आकडा लोकांच्या हाती देता येतो, तर ज्या पुलावरून रोज शाळेच्या बसगाड्या जातात त्याच्या सांध्याची स्थिती का देता येऊ नये, याचे उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

म्हणून माझी सार्वजनिक बांधकाम खात्याला आणि राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी असलेल्या यंत्रणांना विनंती आहे की नागपूर विभागातील कोणकोणते मोठे पूल भुजा आणि त्यांच्या टोकांवर विसावलेला मधला गाळा या घडणीचे आहेत, त्यांची यादी बांधकामाच्या वर्षासह प्रसिद्ध करावी. या पुलांचे सांधे लांबून न पाहता, पुलाच्या कठड्यावरून खाली वाकणारा यांत्रिक हात असलेल्या वाहनातून, हाताच्या अंतरावर जाऊन तपासावेत. फटीत कॅमेरा घालून आतल्या बेअरिंगची छायाचित्रे घ्यावीत आणि ती मागच्या छायाचित्रांशी ताडून पाहावीत. पुलाच्या दोन्ही टोकांना बांधणीचे वर्ष, भारमर्यादा, शेवटच्या तपासणीची तारीख आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असलेला फलक लावावा. पुलावर नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडणे कंत्राटातच बंधनकारक करावे. आणि पुलावर गस्त घालणाऱ्या शेवटच्या कर्मचाऱ्यालाही, सांध्यातून काँक्रीटचा तुकडा पडलेला दिसला तर वरिष्ठांची वाट न पाहता बॅरिकेड लावून रस्ता रोखण्याचा लेखी अधिकार द्यावा. हे शेवटचे सर्वात स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वात आधी व्हायला हवे.

पैशांचा प्रश्न निघेल. आंभोऱ्याला वैनगंगेवर सुमारे ७०५ मीटर लांबीचा केबल-स्टेड (मनोऱ्यांवरून तिरप्या केबलींनी तोललेला) पूल झाला, तो देखणा आहे आणि कुही तालुक्यातून भंडाऱ्याकडे जाणाऱ्यांचा मोठा फेरा त्याने वाचवला, याचा मलाही आनंद आहे. पण त्याच्या केबलींनाही उद्या वय येणार आहे. नवा पूल मंजूर करतानाच त्याच्या तपासणीसाठी दरवर्षीची रक्कम वेगळी बांधून ठेवली, तर जुन्या पुलांवर आज आलेली वेळ त्याच्यावर येणार नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस नद्यांचे पाणी उतरते, पात्रात उतरता येते, हवा कोरडी असते आणि पावसाने सांध्यात काय नेऊन ठेवले आहे ते ताजे दिसते. तपासणीसाठी याहून चांगला काळ नाही. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे एखाद्या पुलाच्या लोकार्पणाची बातमी देताना त्याची लांबी आणि खर्च यांच्या जोडीला, त्याला सांधे किती आहेत, त्यांच्यापर्यंत पोचण्याची सोय केली आहे का आणि पहिली तपासणी कोणत्या महिन्यात होणार आहे, एवढे तीन प्रश्न व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांना विचारावेत आणि मिळालेली उत्तरे छापावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
प्रतापनगर, नागपूर